येमेनचे रुपेरी कमरपट्टे व यहुदी रौप्यकार : कर्तृत्वनिर्णयाची चिकित्सा

प्राचीन शस्त्रांच्या व वस्तूंच्या संग्राहकांस जंबिया अपरिचित नाहीं. उत्तर पेशवाईंत दक्षिणेंत नोकरीस राहिलेल्या अरब शिबंदीबरोबर हें शस्त्र इकडे आलें. १८१८ सालीं इंग्रजांनीं मालेगांवच्या किल्ल्यास वेढा घातला तेव्हां आंतून नेटानें लढणारे लोक मुख्यतः हेच अरब होते, हें मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस विदितच आहे. जंबियाचें पातें कसें, मूठ कोणत्या शिंगाची, याविषयीं संग्राहक बारकाईनें बोलतात. परंतु तें शस्त्र ज्या पट्ट्यांत अडकविलेलें असतें तो पट्टा, त्यावरील रुप्याचे ताईत, पेट्या, बकलें व सांखळ्या यांची चिकित्सा क्वचितच होते. आणि झालीच तर ती दोन शब्दांत आटोपते. कोणी त्यास ‘अरबी काम’ म्हणतो, कोणी ‘यहुदी काम’ म्हणतो. हे दोन शब्द कितपत प्रमाण मानावे, एवढाच प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखांत घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. अलंकारांचीं नांवें बहुधा ते धारण करणाऱ्यावरून पडतात. अमरसिंहानें आपल्या कोशांत कमरेच्या अलंकारांचे शब्द देतांना मेखला, कांची, रशना, सप्तकी व सारसन हे स्त्रियांच्या कटीचे म्हणून सांगितले, व शृंखल हा शब्द पुरुषांच्या कटीसाठीं निराळा काढला. भेद केला तो धारण करणाऱ्याचा, घडविणाऱ्याचा नव्हे. अलंकार मनुष्यवर्गांत आले, आणि ते घडविणारा स्वर्णकार पुष्कळ पानें पुढें, शूद्रवर्गांत, इतर कारागिरांच्या रांगेंत उभा राहिला. वस्तु एका वर्गांत व तिचा कर्ता दुसऱ्या वर्गांत, ही कोशकाराची सोय होती. परंतु हीच सोय आज वस्तुसंग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर व विक्रेत्यांच्या याद्यांवर सिद्धांत होऊन बसली आहे. येमेनच्या पट्ट्यांच्या बाबतींत तिचा परिणाम विशेष वाईट झाला आहे, कारण तेथें धारण करणारा व घडविणारा हे केवळ निराळ्या वर्गांतले नव्हते, तर निराळ्या धर्मांतले होते.

यहुदी म्हटल्याबरोबर महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांपुढें कोंकणांतील बेने इस्रायल येतात. त्यांचा परंपरागत धंदा तेलाच्या घाण्याचा, म्हणूनच त्यांस शनवार तेली हें नांव पडलें. रुप्याच्या कामाशीं त्यांचा संबंध नाहीं. येमेनच्या यहुद्यांची स्थिति अगदीं निराळी होती. तेथील टोळीवाल्या अरबांस शेती व शस्त्र हीं मानाचीं वाटत, हातकारागिरी हलकी वाटे. त्यामुळें कुंभारकाम, विणकाम, लोहारकाम व विशेषतः सोन्यारुप्याचें काम पुष्कळ अंशीं यहुद्यांच्या हातीं राहिलें. सना येथील टांकसाळींतहि तेच कारागीर असत. तेथील यहुदी पंडित शास्त्र विकून पोट भरीत नसत. धर्मशास्त्रावर निर्णय देणारा मनुष्य दिवसा ऐरणीपुढें बसलेला आढळावा, यांत तेथें कोणासहि आश्चर्य वाटत नसे.

याविषयींचा एक जुना व तटस्थ साक्षीदार आपल्या परिचयाचा आहे. घारापुरीच्या लेण्यांचें वर्णन व चित्रें देणारा कार्स्टेन नीबूर हा डेन्मार्कच्या राजानें अरबस्थानांत पाठविलेल्या मंडळीपैकीं एक. त्या मंडळीपैकीं स्वदेशीं जिवंत परतला तो हा एकटाच. तो १७६३ च्या जुलै महिन्यांत सना येथें होता, व त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मुंबईस उतरला. सना शहराबाहेर यहुद्यांचें एक स्वतंत्र गांव आहे, तेथें सुमारें २,००० यहुदी राहतात, अरबस्थानांतील उत्तम कारागीर, विशेषतः कुंभार व सोनार, यांच्यांतच आहेत, आणि ते दिवसा शहरांतील आपल्या लहानशा दुकानांत काम करून सायंकाळीं आपल्या गांवीं परततात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. येथें कोणाचा पक्ष घेण्याचें नीबूरास कारण नव्हतें. म्हणून त्याची साक्ष आम्ही आप्तवाक्य मानतों.

हें गांव शहराबाहेर कां, याचें उत्तर त्यापूर्वींच्या शतकांत सांपडतें. १६७९ सालीं इमामाच्या आज्ञेनें येमेनच्या बहुतेक भागांतील यहुद्यांस घरेंदारें सोडून तिहामाच्या उष्ण किनारपट्टींतील मौज़ा या ठिकाणीं जावें लागलें. वाटेंत व तेथें पुष्कळ लोक मेले. सुमारें एका वर्षानें त्यांस परत येऊं दिलें. कारागीर नाहींसे झाल्यानें लोकांची झालेली अडचण हें त्याचें एक कारण सांगतात. परंतु शहरांतील जुनी वस्ती त्यांस परत मिळाली नाहीं. कोटाबाहेर पश्चिमेस जी नवी वस्ती झाली तीच नीबूरानें पाहिलेली ‘काअ अल्-यहूद’ होय. ज्यांच्यावांचून भागत नाहीं, पण ज्यांस शेजारीं राहूं द्यावयाचें नाहीं, अशा लोकांचें हें काम आहे. ही गोष्ट पट्टा हातीं घेणाऱ्यानें विसरूं नये.

आतां वस्तूकडे वळूं. येमेनांत पट्ट्यास ‘हिज़ाम’ म्हणतात. पुरुषाचा पट्टा चामड्याचा, वरून पुष्कळदां जरीच्या कामानें मढविलेला असतो. त्याच्या मध्यभागीं जंबियाचें म्यान उभें बसवितात. सय्यद व काजी यांच्या घराण्यांत मात्र कमी वांकाचें म्यान उजव्या अंगास तिरपें खोंवण्याची चाल होती, आणि तें म्यान बहुधा रुप्याच्या पत्र्यानें व तारकामानें पूर्ण मढविलेलें असे. पट्ट्यावर ताइतांच्या पेट्या ओंवतात. त्यांस ‘हिर्ज़’ म्हणतात. कांहीं चौकोनी, कांहीं नळकांडीसारख्या. स्त्रियांचा पट्टा पुष्कळदां सगळाच रुप्याचा असतो : पत्र्याच्या ताटल्या सांखळ्यांनीं जोडलेल्या, किंवा कड्यांची घट्ट वीण केलेली, पुढें मोठें बकल, खालीं लोंबते मणी व घुंगरू. हद्रमौताकडील कांहीं पट्ट्यांस इतके घुंगरू असतात कीं, स्त्री दिसण्यापूर्वीं तिचें येणें ऐकूं यावें.

कामाची रीति आपल्या सोनारांस नवी वाटणार नाहीं. रुप्याची कांब भोकांच्या पोलादी पट्टींतून ओढून तार बारीक करावयाची, दोन तारा पिळून चपट्या करावयाच्या, त्यांच्या वेलबुट्ट्या वळून पत्र्यावर मांडावयाच्या, टांकणखार व डाख घालून फुंकणीनें आंच द्यावयाची. रवे करण्यासाठीं तारेचे सारखे बारीक तुकडे कोळशाच्या पुडींत ठेवून तापवितात. वितळतांना रुपें आपोआप गोल होतें. कौशल्य आहे तें पुढें. शेंकडों रवे ओळींत बसवून, एकहि न वितळूं देतां, सगळ्यांस एकाच आंचेंत डाख धरावयास लावणें हें ज्यास साधलें तो खरा कारागीर. उत्तम येमेनी पेटीवर रव्यांच्या त्रिकोणांच्या व चौकटींच्या रांगा इतक्या नेमक्या असतात कीं, भिंगाखालींहि ओळ मोडलेली दिसत नाहीं.

धातु कोठून येई, हाहि प्रश्न चिकित्सेस उपयोगी आहे. गेल्या दोन शतकांत येमेनच्या रुप्याचा मोठा झरा म्हणजे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेझा राणीचा मोठा रौप्य सिक्का होय. त्याचें वजन २८.०७ ग्रॅम, म्हणजे अडीच तोळ्यांस किंचित् कमी. रुप्याचा कस हजारीं ८३३. आपल्या जुन्या कलदार रुपयाचा कस हजारीं ९१७ होता, म्हणजे हा सिक्का कसानें उणाच. तरीहि लाल समुद्राच्या दोन्ही कांठांवर लोकांचा विश्वास याच नाण्यावर बसला. तेव्हां कारागीर हीं नाणीं मुशींत घालून रुपें काढी, किंवा अख्खींच पट्ट्यास टांगी.

येथेंच पहिला मोठा हेत्वाभास उत्पन्न होतो. या नाण्यावर १७८० हें वर्ष आहे, म्हणून नाणीं टांगलेला पट्टा अठराव्या शतकांतला, असें विक्रेते सांगतात व कित्येक संग्राहक मानतात. वास्तविक १७८० हें राणीच्या मृत्यूचें वर्ष. त्यानंतर तोच सांचा व तेंच वर्ष कायम ठेवून हीं नाणीं वियेन्नांत व पुढें इतर देशांच्या टांकसाळींतहि पाडलीं गेलीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० व १९४१ सालीं, तीं आपल्या मुंबईच्या टांकसाळींतहि पडलीं. तेव्हां १७८० चा छाप असलेलें पट्ट्यावरचें नाणें किल्ल्याजवळच्या त्या टांकसाळींतून निघालेलें असणेंहि शक्य आहे. जें वर्ष दीडशें वर्षें बदललेंच नाहीं, तें कालनिर्णयाचें साधन होऊं शकत नाहीं. याच्या उलट, दक्षिण येमेनच्या दागिन्यांत कधींकधीं इंग्रजी अमदानीचे रुपये आढळतात. त्यांवरील वर्ष बहुधा खरें असतें, व नाणें मागाहून बसविलेलें नसल्यास पट्टा त्या वर्षापूर्वींचा नव्हे एवढें निश्चयानें सांगतां येतें. नाणकशास्त्राचा ज्यांस नाद आहे त्यांनीं हा भेद अवश्य लक्षांत ठेवावा.

आतां ‘अरबी काम’ या शब्दाची परीक्षा करूं. युरोपांतील जुन्या संग्रहांत येमेनचे पट्टे बहुधा ‘अरबी’ किंवा ‘बदाउनी’ रुपें या नांवाखालीं ठेविलेले असत. हा शब्द सर्वस्वी खोटा नव्हे. पट्टा अरबाच्या कमरेचा, त्याची घडण अरबाच्या आवडीची, आणि पेटींतील मंत्र मुसलमान धन्यासाठीं कुराणांतला असे. परंतु जो मनुष्य इमामाच्या राज्यांत स्वतः जंबिया बांधूं शकत नव्हता, त्यानें त्या जंबियाचें म्यान घडविलें, हें सत्य या शब्दानें पुसलें जातें. तीच पेटी यहुदी घरांत गेली तर तिच्यांत हिब्रू मंत्र बसे. पेटीच्या आकारांत फरक नाहीं, रव्यांच्या रांगांत फरक नाहीं. तेव्हां धारण करणाऱ्यावरून कर्ता ठरविणें म्हणजे पोथी देवघरांत सांपडली म्हणून ती पूजाऱ्यानेंच लिहिली असें म्हणण्यासारखें आहे. हा अव्याप्तीचा दोष झाला : शब्द वस्तूच्या एकाच अंगास पोंचतो.

या अन्यायाची जाणीव झाल्यावर पारडें दुसरीकडे झुकलें. जून १९४९ पासून सप्टेंबर १९५० पर्यंत येमेन व एडन येथून सुमारें ४९,००० यहुदी विमानांनीं इस्रायलांत गेले. त्यांच्या कलेचें मोल जगास कळलें, ग्रंथ झाले, प्रदर्शनें झालीं. तें सर्व इष्टच होतें. परंतु त्यानंतर येमेनचें जें जें बारीक रुपेरी काम तें तें ‘यहुदी’, असा विपरीत नियम बाजारांत रूढ झाला. आज तो शब्द किंमत वाढविणारें विशेषण झाला आहे. हा अतिव्याप्तीचा दोष होय, आणि आमच्या मतें तो पहिल्या दोषापेक्षां अधिक फसवा आहे. कारण तो न्याय करण्याच्या आविर्भावानें येतो.

याचें उत्तम प्रत्यंतर हद्रमौतांत मिळतें. तरीम, सैवून, शिबाम या गांवीं रुप्याचें काम करणारे मुसलमान होते. त्या प्रांताच्या पश्चिमेस हब्बान येथें मात्र यहुद्यांची जुनी वस्ती होती. तेथील रौप्यकार महिनेच्या महिने टोळ्यांमधून फिरून काम करीत, व त्यांच्या घरच्या स्त्रियाहि रुप्याचा भारी पट्टा बांधीत. म्हणजे एकाच प्रदेशांत, जवळजवळ एकाच घडणीचे पट्टे, दोन धर्मांच्या हातांतून उतरलेले आहेत. आणि आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हैदराबादेस व दक्षिणेंत जे अरब शिपाई आले ते पुष्कळसे याच हद्रमौतांतले. मुकल्ला येथें पुढें ज्यांचें राज्य झालें त्या कुऐती घराण्याचा मूळ पुरुष निजामाच्या नोकरींत जमादार होता. उलट एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारांत असल्यानें उत्तर येमेनचा माल त्या वाटेनें मुंबईस येऊं शकत असे. तेव्हां दख्खनच्या एखाद्या जुन्या जमादारी घराण्यांतून निघालेला पट्टा व मुंबईच्या बाजारांतून आलेला पट्टा यांविषयीं आरंभींचें अनुमान एकच असूं शकत नाहीं. पहिल्यास सरसकट ‘यहुदी’ म्हणणें हें धाडस आहे.

दुसरें प्रत्यंतर १९५० नंतरचें. इमाम अहमद यानें यहुद्यांस जाण्याची परवानगी देतांना कारागिरांनीं आपली विद्या मुसलमानांस शिकवून जावें अशी अट घातली, असें त्या काळच्या वृत्तांतांवरून दिसतें. शिकणाऱ्यांस मुदत थोडी होती, आणि पिढ्यांची विद्या कांहीं महिन्यांत उतरत नाहीं. तथापि त्यांनीं धंदा चालू ठेविला, त्याच घडणी घडविल्या. त्यांच्या कामास ‘यहुदी’ म्हणणें हा गुरूवरहि अन्याय व शिष्यावरहि अन्याय.

‘बौसानी’ व ‘बदीही’ या शब्दांचाहि असाच गोंधळ आहे. हीं मुळांत सनाच्या बाजूच्या नामांकित यहुदी रौप्यकार घराण्यांचीं नांवें. तारकाम व रवाकाम यांच्या विशिष्ट सफाईसाठीं तीं प्रसिद्ध झालीं, व पुढें कामाच्या प्रकारासच लागलीं. येवल्यास विणलेल्या लुगड्यास आपण पैठणी म्हणतों, त्यांतलाच हा प्रकार. पैठणी म्हटल्यानें तें पैठणास विणलें असें सिद्ध होत नाहीं. त्याचप्रमाणें ‘बौसानी’ म्हटल्यानें तें त्या घराण्याच्या मनुष्यानें केलें असें सिद्ध होत नाहीं. एवढें सांगतां येतें कीं, त्या रीतीचें आहे.

मग प्रमाण तरी कोणतें? आमच्या मतें चार प्रमाणें घेतां येतात, आणि त्यांचें बळाबळ सारखें नाहीं. पहिलें, कर्त्याचा ठसा. कांहीं येमेनी कामांवर कारागिराच्या नांवाचा लहानसा ठसा असतो, बहुधा अरबी अक्षरांत, क्वचित् हिब्रू अक्षरांत. हें सर्वांत बलवत्तर प्रमाण. परंतु ठसा बापाकडून मुलाकडे जातो, दुकानांतील चाकराच्या कामावरहि पडतो, आणि बाजारांत त्यास मोल आल्यावर खोटाहि पाडतां येतो. शिवाय पट्टा ही ओंवलेली वस्तु आहे. एका पेटीवरील ठसा त्याच पेटीपुरता बोलतो, सबंध पट्ट्यापुरता नव्हे. विक्रेते निरनिराळ्या पट्ट्यांचे तुकडे एकत्र ओंवतात, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. आणि ठसा नाहीं म्हणून काम यहुदी नव्हे असेंहि म्हणतां येत नाहीं, कारण बहुसंख्य कामें ठशावांचूनच आहेत.

दुसरें, वस्तूचा प्रवास : ती कोणत्या गांवीं, कोणत्या घरांत, कोणत्या सालीं मिळाली याची नोंद. आमच्या अनुभवानें संग्राहक याचीच सर्वांत जास्त हेळसांड करितात. तिसरें, प्रदेशाची घडण. अमेरिकेच्या परराष्ट्रसेवेंत येमेनांत राहिलेल्या मार्जरी रॅन्सम यांनीं आपल्या ग्रंथांत येमेनी दागिन्यांची मांडणी प्रदेशवार केली आहे, हें आम्हांस योग्य दिशेचें पाऊल वाटतें. प्रदेश ठरला म्हणजे त्या प्रदेशांत कोण कारागीर होते हा प्रश्न विचारतां येतो. प्रदेश ठरविल्यावांचून जातीवर उडी मारणें हें पायाआधीं कळस बांधणें होय. चौथें व सर्वांत दुर्बल, कामाची सफाई. बारीक काम तें यहुदी व जाड काम तें मुसलमान, ही कसोटी तर मुळींच मानूं नये. गरीब गिऱ्हाइकासाठीं यहुदी सोनारानेंहि जाड काम केलेंच असेल. गिऱ्हाइकाची थैली व कारागिराची जात या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस ही पद्धति नवी नाहीं. पोथी हातीं आली म्हणजे आपण ग्रंथकार, लेखक व स्वामी हे तीन निराळे मानतों. ज्ञानेश्वरीच्या पोथीवर स्वामी म्हणून एखाद्या देशपांड्याचें नांव असलें तर कोणी त्यास ग्रंथकार म्हणत नाहीं, लेखकहि म्हणत नाहीं. लेखकाचा शोध आपण पुष्पिकेंत करितों, आणि पुष्पिका नसेल तर अक्षराचें वळण, कागद व शाई पाहून ‘अमुक काळाचें असावें’ एवढेंच लिहितों. पट्ट्यासहि हाच न्याय लावावा. ठसा ही त्याची पुष्पिका. रवा व तार हें त्याचें अक्षराचें वळण.

येमेनच्या यहुद्यांच्या बाबतींत तर ही तुलना मनास चटका लावणारी आहे. ज्या समाजांत हे रौप्यकार झाले त्याच समाजांत उत्तम लेखकहि झाले. पंधराव्या शतकांत सना येथें बनाया नांवाचा लेखक प्रसिद्ध होता, व त्याच्या घराण्यांतील स्त्रियापुरुषांनीं ग्रंथ लिहिले. १८५९ सालीं येमेनांत फिरलेल्या याकोब साफीर या यहुदी प्रवाशानें त्याच्या मिर्याम नांवाच्या मुलीनें लिहिलेल्या तोरेच्या एका प्रतीची हकीकत दिली आहे. तींत चूक आढळल्यास दोष देऊं नये, कारण आपण अंगावर पाजणारी आई आहों, अशा आशयाची विनंती तिनें शेवटीं केली होती. पांचशें वर्षांनंतरहि त्या स्त्रीचें नांव, तिचें काम व तिची अडचण आपणांस कळते. पोथी यहुदी घरांतच राहावयाची होती, म्हणून लेखकास आपलें नांव घालतां आलें. पट्टा परक्याच्या कमरेस जावयाचा होता. तेथें नांव घालण्यास जागा नव्हती, आणि बहुधा तशी कोणाची इच्छाहि नव्हती. त्याच समाजाच्या अक्षराचें नांव उरलें व हातोड्याचें गेलें.

देश बदलल्यानेंहि हें सर्वस्वी पालटलें नाहीं. १८८१–८२ पासून येमेनी यहुदी जेरुसलेमेंत येऊं लागले. १९०६ सालीं बोरिस शात्स यांनीं तेथें बेझालेल ही कलाशाळा काढली, व तिच्या तारकामाच्या शाखेंत येमेनी कारागीर बसविले. नमुना युरोपांत शिकलेल्या कलावंताचा व हात येमेनी माणसाचा, असें तेथें पुष्कळदां झालें. वस्तूवर नांव पडलें तें शाळेचें. स्वधर्मीयांच्या संस्थेंतहि कारागीर बहुधा अनामिकच राहिला. तेव्हां दोष केवळ धर्मभेदाचा नव्हे, कारागिराकडे पाहण्याच्या दृष्टीचा आहे. म्हणूनच ‘यहुदी काम’ एवढा शब्द लिहून आपण ऋणमुक्त झालों असें समजूं नये. एका मनुष्याच्या नांवाऐवजीं त्याच्या जातीचें नांव घालणें ही अर्धी भरपाई आहे, आणि जात चुकली तर तेवढीहि नाहीं.

कोणी म्हणेल कीं, एवढ्या काटेकोरपणाचें प्रयोजन काय? रुपें चांगलें आहे, डोळ्यांस सुख देतें, पुरे. यास आमचें उत्तर असें : हा साहित्यसंभार झपाट्यानें कमी होत आहे. येमेनांत जुना दागिना मोडींत घालून नवा करण्याची चाल आपल्यासारखीच होती, त्यामुळें फार जुने पट्टे मुळांत थोडेच उरले. १९४९–५० मध्यें जातांना लोकांनीं जें विकलें तें विखुरलें. आज येमेनांत यहुदी समाज जवळजवळ उरलेला नाहीं. २०१४ पासून चाललेल्या यादवींत तेथील संग्रहांची वाताहत झाली; धमार येथील वस्तुसंग्रहालय २०१५ सालीं हवाई हल्ल्यांत उद्ध्वस्त झालें. ज्यांनीं पट्टे घडविले तेथें ते नाहींत, जेथें घडले तेथें शांतता नाहीं. उरलें आहे तें परदेशांतील संग्रहांत व चिठ्ठ्यांवर. आणि चिठ्ठी एकदां छापली गेली म्हणजे ती पुढच्या लेखकाचें प्रमाण होते. चुकीच्या चिठ्ठीचें खंडन करण्यास मूळ देशांत साक्षीदार उरला नसेल तर ती चूक कायमची समजावी.

म्हणून आमची सूचना साधी आहे. येमेनचा म्हणून सांगितला जाणारा पट्टा ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं प्रथम त्याचें वजन व कस लिहून ठेवावा. मग तो कोणाकडून, कोणत्या गांवीं, केव्हां मिळाला तें लिहावें. माहीत नसल्यास ‘माहीत नाहीं’ असेंच लिहावें. प्रत्येक पेटी, बकल व ताटली निराळी तपासून ठसा असल्यास त्याचा छाप मेणावर किंवा छायाचित्रांत घ्यावा. ठसा पुष्कळदां कडेस किंवा मागील पत्र्यावर दडलेला असतो. नाणें असल्यास त्याचें वर्ष लिहावें, पण १७८० असल्यास त्यावरून कांहीं ठरवूं नये. घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण घांसण्यानें ठसा जातो व रव्यांच्या कडा झिजतात. मळ गेला म्हणजे पुरावाहि गेला. तुटलेली सांखळी नव्या सांखळीनें जोडावयाची असेल तर तशी नोंद करावी. हें सर्व झाल्यावर शेवटच्या ओळींत कर्त्याविषयीं लिहावें : ठसा वाचतां आला तर नांव, प्रदेश व प्रवास निश्चित असतील तर ‘यहुदी कारागिराचें असावें’ किंवा ‘मुसलमान कारागिराचें असावें’, कारणासह, दोन्ही नसतील तर ‘कर्ता अज्ञात’.

‘कर्ता अज्ञात’ हे दोन शब्द लिहिण्यास संग्राहकास संकोच वाटतो, असें आम्हीं पाहिलें आहे. वास्तविक त्यांत उणेपणा नाहीं. ज्या पोथीस पुष्पिका नाहीं तिच्या लेखकाची जागा आपण मोकळी ठेवितों. तेथें सोयीचें नांव भरीत नाहीं. ती मोकळी जागा पुढच्या अभ्यासकासाठीं असते. सनाच्या कोटाबाहेर राहणाऱ्या त्या माणसांस आपल्या हयातींत कोटाच्या आंत घर मिळालें नाहीं. निदान त्यांच्या कामाच्या चिठ्ठीवर त्यांची जागा मोकळी असावी. तींत दुसऱ्या कोणास बसवूं नये, व त्यांसहि पुराव्यावांचून बसवूं नये.